मुलुंड ते सीप्झ: एका प्रवासाचे मालक किती?

मुलुंडहून अंधेरीच्या सीप्झला रोज कामावर जाणाऱ्यांचा सकाळचा प्रवास साधारण असा असतो. घरापासून स्टेशनपर्यंत शेअर रिक्षा. मुलुंड ते घाटकोपर लोकल. घाटकोपरला जिने चढून मेट्रो, ती मरोळ नाक्यापर्यंत. तिथे खाली भुयारात उतरून दुसरी मेट्रो, ती सीप्झपर्यंत. वर आले की उरलेली वाट पायी. नकाशावर अंतर फार नाही. तरी घरातून निघालेला माणूस कामाच्या जागी पोचेपर्यंत अर्धा दमलेला असतो.

आता या वाटेचे मालक मोजू या. रिक्षाचे भाडे राज्य सरकारच्या परिवहन खात्याकडचे प्राधिकरण ठरवते. रिक्षा ज्या रस्त्यावरून जाते तो महापालिकेचा. त्या रस्त्यावरच्या चौकात उभा असलेला हवालदार मुंबई पोलिसांचा, म्हणजे राज्याच्या गृहखात्याचा. लोकल मध्य रेल्वेची, म्हणजे केंद्र सरकारची. घाटकोपरची मेट्रो ही खाजगी कंपनी आणि राज्याचे महानगर विकास प्राधिकरण, म्हणजे एमएमआरडीए, यांच्या भागीदारीतली. मरोळची भुयारी मेट्रो केंद्र आणि राज्य यांच्या निम्म्या-निम्म्या मालकीच्या वेगळ्याच कंपनीची. शेवटचा फुटपाथ पुन्हा महापालिकेचा. आणि रांगा पाहून कोणी मेट्रो सोडून बस धरली, तर ती बेस्टची.

१५ जानेवारी २०२६ रोजी मुंबई महापालिकेसाठी मतदान झाले. मार्च २०२२ पासून जवळपास चार वर्षे या शहरात एकही नगरसेवक नव्हता, सगळा कारभार प्रशासक पाहत होते. आता २२७ नगरसेवक निवडून आले, महापौरपदाची चर्चा पुन्हा सुरू झाली आणि तिच्याबरोबर उपनगरांतल्या कट्ट्यांवर, लोकलच्या डब्यांत जुने प्रश्नही परत आले. नवे महापौर लोकलची गर्दी कमी करतील का? मेट्रोची रखडलेली कामे मार्गी लावतील का? जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्यावरची कोंडी कधी सुटणार? प्रश्न रास्त आहेत, पण त्यांतले बरेचसे चुकीच्या दारावर ठोठावले जातात. आणि ज्या दारावर खरोखर ठोठावायला हवे, तिथे फारसे कोणी जात नाही. ते दार कोणते, हे समजण्यासाठी आधी महापौर म्हणजे काय ते पाहायला हवे.

महापौर शहर चालवत नाहीत

मुंबईचा कारभार आजही १८८८ च्या महापालिका कायद्यावर चालतो. त्या कायद्याच्या घडणीत फिरोजशहा मेहतांचा मोठा वाटा होता. महापालिका मुख्यालयासमोर त्यांचा पुतळा उभा आहे. या कायद्याने कारभार दोन भागांत वाटला. धोरण ठरवणे, अर्थसंकल्प मंजूर करणे, कर लावणे हे निवडून आलेल्या सभागृहाचे काम. प्रत्यक्ष अंमलबजावणी मात्र आयुक्तांची, आणि आयुक्त नेमते राज्य सरकार.

उपनगरातल्या वाचकाला हे गृहनिर्माण सोसायटीच्या उदाहरणाने चटकन कळेल. समजा, सोसायटीतल्या सभासदांनी मते देऊन कमिटी निवडली, कमिटीने चेअरमन निवडला. पण प्लंबर बोलावणे, लिफ्टचे कंत्राट देणे, चेकवर सही करणे हे सगळे करणारा मॅनेजर कोणी भलत्यानेच नेमून पाठवलेला आहे. चेअरमन सभा घेऊ शकतात, मॅनेजरला जाब विचारू शकतात, खर्चाला नकार देऊ शकतात. पण त्याची बदली करू शकत नाहीत आणि परस्पर प्लंबरही बोलावू शकत नाहीत. मुंबईचे महापौर हे असे चेअरमन आहेत.

महापौर नागरिकांच्या थेट मतांनी निवडून येत नाहीत, नगरसेवक त्यांना निवडतात. मुदत अडीच वर्षे. पद कोणत्या प्रवर्गासाठी राखीव, हे सोडतीने ठरते. महासभेचे अध्यक्षस्थान त्यांचे. सभागृह आयुक्तांना हटवू शकते, पण त्यासाठी एकूण नगरसेवकांच्या पाच-अष्टमांश मते हवीत, म्हणजे २२७ पैकी १४२. एका पक्षाच्या बळावर हा आकडा गाठणे जवळजवळ अशक्य आहे.

ही रचना बदलण्याचा एक प्रयत्न झालाही. १९९८ मध्ये मुंबईत महापौर परिषदेची पद्धत आणली गेली. तिच्यात महापौर आणि त्यांचे निवडक सहकारी मंत्रिमंडळासारखे कारभार पाहतात. कोलकात्यात अशी पद्धत अनेक दशके चालू आहे. मुंबईत ती थोड्याच काळात गुंडाळली गेली आणि आपण पुन्हा आयुक्तांकडे आलो. माझ्या मते तो प्रयोग फार लवकर सोडला. नव्या रचनेत रुळायला नगरसेवकांना आणि अधिकाऱ्यांना पुरेसा वेळच मिळाला नाही.

रेल्वे दिल्लीची, मेट्रो राज्याची

उपनगरी रेल्वे हा तर सरळ केंद्राचा विषय. अंधेरी-बोरिवलीची पश्चिम रेल्वे, घाटकोपर-मुलुंडची मध्य रेल्वे. गाड्या किती डब्यांच्या, किती मिनिटांनी, तिकीट किती, दारे बंद होणारी हवीत की नकोत, हे रेल्वे मंत्रालय ठरवते. नवे मार्ग आणि नव्या गाड्या यांसाठी १९९९ मध्ये केंद्र आणि राज्य यांनी मिळून मुंबई रेल्वे विकास महामंडळ स्थापन केले. महापालिका त्यात भागीदार नाही. रोज पाऊण कोटीच्या आसपास लोक या लोकलने प्रवास करतात. त्यांच्या गर्दीबद्दल मुंबईचे महापौर पत्र लिहू शकतात, त्यापलीकडे काही नाही.

मेट्रोची सूत्रे एमएमआरडीएकडे, म्हणजे १९७५ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे. वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मार्ग ८ जून २०१४ ला सुरू झाला. दहिसर ते अंधेरी असे पश्चिम उपनगरांतले दोन मार्ग जानेवारी २०२३ मध्ये पूर्ण झाले. आरे ते कफ परेड ही साडेतेहतीस किलोमीटरची भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण धावू लागली. वडाळ्याहून घाटकोपर-मुलुंडमार्गे ठाण्याकडे जाणाऱ्या मार्गाची मुलुंडकर बरीच वर्षे वाट पाहत आहेत. एमएमआरडीएच्या प्राधिकरणात मुंबईच्या महापौरांना सदस्य म्हणून जागा आहे, पण ते अनेक सदस्यांपैकी एक असतात आणि निर्णय राज्य सरकारच्या कलाने होतात.

या सगळ्या यंत्रणांना एका टेबलाशी बसवण्यासाठी २००८ मध्ये मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखाली एकीकृत महानगर परिवहन प्राधिकरण नेमले गेले. त्याला कायद्याचे बळ दिले नाही, त्यामुळे त्याचे म्हणणे कोणावर बंधनकारक नव्हते. ऑक्टोबर २०२५ मध्ये ‘मुंबई वन’ हे ॲप आले. त्यावर महानगरातल्या ११ वाहतूक संस्थांची तिकिटे काढता येतात. सोय चांगली आहे. पण एका महानगरात ११ संस्था आहेत, हेही त्यातून कळते. तिकीट एकत्र झाले तरी वेळापत्रक एकत्र झालेले नाही. घाटकोपरला लोकल आली की बाहेर बस उभी असेल, असे ठरवणारे अजून कोणी नाही.

गोखले पूल: दोन मालकांचा एक पूल

मालकी वाटली गेली की काय होते, हे अंधेरीकरांनी पुरेपूर भोगले आहे. १९७५ चा गोपाळ कृष्ण गोखले पूल अंधेरी पूर्व आणि पश्चिम यांना जोडणारा मुख्य दुवा. ३ जुलै २०१८ च्या सकाळी त्याच्या पादचारी भागाचा तुकडा रेल्वेमार्गावर कोसळला. दोन माणसे गेली, पश्चिम रेल्वे कित्येक तास ठप्प झाली. पाठोपाठ वाद सुरू झाला, देखभाल कोणाची? पुलाचा रुळांवरचा भाग रेल्वेच्या हद्दीत, दोन्ही बाजूंचे चढ-उतार महापालिकेचे.

७ नोव्हेंबर २०२२ ला पूल धोकादायक म्हणून पूर्ण बंद झाला. अंधेरीत पूर्व-पश्चिम जाण्याचे मार्ग आधीच मोजके, त्यांतला अंधेरी सबवे जोराचा पाऊस झाला की पाण्याखाली. पूर्वेला विमानतळ आणि औद्योगिक वसाहत, पश्चिमेला दाट वस्ती, मध्ये रुळांची भिंत. पंधराहून अधिक महिने लोकांनी वळसे घेऊन काढले.

२६ फेब्रुवारी २०२४ ला नव्या पुलाची एक बाजू खुली झाली, तेव्हा लक्षात आले की शेजारचा बर्फीवाला उड्डाणपूल आणि नवा गोखले पूल यांची उंचीच जुळत नाही. रेल्वेच्या नव्या निकषांनुसार रुळांवरची उंची वाढवावी लागली होती, आणि जुना उड्डाणपूल होता तिथेच राहिला. लोकांनी मीम केले, हसले, चिडले. शेवटी बर्फीवाला पुलाचा भाग जॅक लावून उचलावा लागला आणि जुलै २०२४ मध्ये दोन्ही जोडले गेले. गोखले पुलाची दुसरी बाजू मे २०२५ मध्ये सुरू झाली. म्हणजे दुर्घटनेपासून पूर्ण पूल मिळेपर्यंत जवळपास सात वर्षे.

या गोष्टीत एखादा खलनायक शोधण्यात अर्थ नाही. प्रत्येक यंत्रणा आपापल्या हद्दीपुरते काम करत होती. हद्द जिथे संपते, तिथेच सांधा होता, आणि त्या सांध्याचा जबाबदार माणूस कागदावर कोणीच नव्हता. १३ मे २०२४ ला घाटकोपरच्या छेडानगरला अवाढव्य जाहिरात फलक कोसळून १७ माणसे गेली, तेव्हाही पहिले काही दिवस जमीन लोहमार्ग पोलिसांची, परवानगी कोणाची, याच वादात गेले.

जे न्यूयॉर्ककडे नाही ते मुंबईकडे आहे

इथवर वाचून कोणाला वाटेल की मग महापौर निवडा किंवा न निवडा, उपनगराच्या प्रवासात काय फरक पडतो? तसे नाही. एक गोष्ट महापालिकेच्या हातातली आहे, आणि जगातल्या अनेक बड्या महापौरांना तिचा हेवा वाटावा. ती म्हणजे बस.

न्यूयॉर्कचे झोहरान ममदानी १ जानेवारी २०२६ ला महापौर झाले. जलद आणि मोफत बस हे त्यांच्या प्रचाराचे मोठे वचन होते. आपल्याकडेही त्याची खूप चर्चा झाली. पण न्यूयॉर्कच्या बस आणि भुयारी रेल्वे चालवते ती राज्याच्या हाताखालची संस्था. तिच्या मंडळावर महापौर फक्त काही नावे सुचवू शकतात. तिकीट माफ करायचे तर त्यांना राज्याकडे जावे लागते. रस्ते मात्र शहराचे आहेत, पोलीसही शहराचे आहेत, त्यामुळे बससाठी वेगळी मार्गिका आखणे आणि ती मोकळी ठेवणे त्यांना जमते.

मुंबईत उलटे आहे. इथे रस्ता महापालिकेचा आणि बसही महापालिकेची, फक्त पोलीस राज्याचे. लंडनचा महापौर २००० पासून थेट निवडून येतो आणि शहराची वाहतूक चालवणारी संस्था त्याच्या हाताखाली असते. तेवढे मुंबईला मिळालेले नाही, पण बसपुरते बोलायचे तर आपण न्यूयॉर्कपेक्षा लंडनच्या जवळ आहोत.

७ ऑगस्ट १९४७ ला, स्वातंत्र्याच्या आठच दिवस आधी, मुंबई महापालिकेने खाजगी कंपनीकडून वीज आणि वाहतूक ताब्यात घेतली. तेव्हापासून बेस्ट हा महापालिकेचा उपक्रम आहे. पहिली बस त्याही आधी, १५ जुलै १९२६ ला, अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी धावली. मुंबईच्या बसची शताब्दी याच वर्षी आहे. बेस्टचा अर्थसंकल्प बेस्ट समितीतून स्थायी समितीत आणि तिथून महासभेत येतो, जिथे अध्यक्षस्थानी महापौर असतात. उपक्रमाचे महाव्यवस्थापक प्रत्यक्षात सनदी अधिकारी असतात हे खरे. तरीही पैसा किती द्यायचा आणि कशासाठी, हा निर्णय सभागृहाचा.

दोन बसमधली मिनिटे

बस चांगली की वाईट हे बसच्या रंगावरून किंवा ती वातानुकूलित आहे का यावरून ठरत नाही. ते ठरते थांब्यावर किती वेळ उभे राहावे लागते त्यावरून. ही मिनिटे कुठून येतात, ते साध्या हिशोबाने पाहू.

दहा किलोमीटरचा एक मार्ग घ्या. बस ताशी १२ किलोमीटर वेगाने गेली तर एका बाजूला ५० मिनिटे लागतील. दोन्ही टोकांना चालक-वाहकांना दहा-दहा मिनिटे विश्रांती धरली तर पूर्ण फेरी दोन तासांची. या मार्गावर १२ बस सोडल्या तर दर दहा मिनिटांनी एक बस मिळेल.

आता रस्त्यावर खोदकाम सुरू झाले, दोन्ही बाजूंना गाड्या उभ्या राहू लागल्या आणि वेग ताशी ८ किलोमीटरवर आला. एका बाजूला ७५ मिनिटे, फेरी १७० मिनिटांची. बस तेवढ्याच १२. आता दोन बसमधले अंतर चौदा मिनिटांहून जास्त झाले. पूर्वीसारखे दहा मिनिटांवर आणायचे तर १७ बस हव्यात. एकही बस मोडली नाही, एकही चालक रजेवर गेला नाही, तरी पाच बस जणू गायब झाल्या. त्या कोंडीत गेल्या.

याच्या पुढची पायरी अधिक त्रासाची. एखादी बस उशिराने आली की थांब्यावर जास्त माणसे जमलेली असतात. ती चढायला जास्त वेळ लागतो, म्हणून बस आणखी मागे पडते. मागच्या बसला प्रवासी कमी मिळतात, ती वेगाने येऊन पुढचीला गाठते. वीस मिनिटे काहीच नाही आणि मग एकाच क्रमांकाच्या दोन बस पाठोपाठ, हे दृश्य बोरिवली स्टेशनबाहेर रोज दिसते. त्यात चालकाची चूक नसते, फेऱ्यांचे गणितच तसे घडते.

चौदा मिनिटे थांबायला लागले की माणूस शेअर रिक्षाकडे वळतो. एका बसमधल्या साठ माणसांना हलवायला तीन-तीन प्रवाशांच्या वीस रिक्षा लागतात. त्या वीस रिक्षा त्याच रस्त्यावर येतात आणि बसचा वेग आणखी घटवतात. प्रवासी घटले म्हणून मार्ग तोट्यात, तोट्यात म्हणून बस कमी, बस कमी म्हणून प्रतीक्षा जास्त. कधीकाळी बेस्टच्या ताफ्यात चार हजारांहून अधिक बस होत्या, गेल्या काही वर्षांत तो तीन हजारांच्या आत आला. बेस्टच्या घसरणीचे गणित हे असे आहे.

म्हणूनच बससाठी राखीव मार्गिका, सिग्नलला बसला आधी सोडणे, थांब्यापुढचे बेकायदा पार्किंग उठवणे हे उपाय नव्या बस विकत घेण्याइतकेच मोलाचे आहेत. वरच्या उदाहरणात वेग परत १२ वर नेला तर पाच बस एकही रुपया न देता परत मिळतात. मार्गिका आखणे महापालिकेला जमते, ती मोकळी ठेवण्यासाठी मात्र वाहतूक पोलिसांची साथ लागते. पोलीस आयुक्तांशी बसून हे घडवून आणणे, हे खरे महापौरांचे काम. त्यासाठी कायद्याने दिलेला अधिकार लागत नाही, पदाचे वजन पुरते.

तोटा म्हणायचे की खर्च?

बेस्ट तोट्यात का, याची एक गोष्ट उपनगरवासीयांना फारशी ठाऊक नसते. बेस्टची वीज फक्त मुंबई शहरात, म्हणजे कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंत मिळते. अंधेरी-बोरिवलीची वीज खाजगी कंपन्यांची, मुलुंडची महावितरणची. अनेक वर्षे शहर भागातल्या वीजग्राहकांच्या बिलातून बसचा तोटा भरून निघत असे. म्हणजे मुलुंडच्या बसचा काही भार गिरगावातले वीजबिल उचलत होते. पुढे वीज नियमनाच्या चौकटीत ते बंद झाले आणि बसचा आधारच गेला.

त्यानंतर बेस्टने खर्च कमी करण्यासाठी भाडेतत्त्वावरची बस आणली. या पद्धतीत बस आणि चालक कंत्राटदाराचे. बेस्ट त्याला धावलेल्या किलोमीटरमागे ठरलेला दर देते. सुरुवातीला भांडवल लागत नाही, हा फायदा. पण परवडत नाही म्हणून काही कंत्राटदारांनी मधूनच गाड्या काढून घेतल्या आणि ते मार्ग एका फटक्यात उघडे पडले. चालकाचे प्रशिक्षण, पगार, गाडीची देखभाल यांवर बेस्टची थेट पकड राहिली नाही. ९ डिसेंबर २०२४ ला कुर्ल्यात विजेवरची बस गर्दीत घुसून माणसे दगावली, तेव्हा चालकांच्या प्रशिक्षणाचा प्रश्न ऐरणीवर आला.

जुलै २०१९ मध्ये बेस्टने किमान भाडे ५ रुपयांवर आणले. प्रवासी वाढले, पण बस वाढल्या नाहीत. मे २०२५ मध्ये किमान भाडे दुप्पट, १० रुपये झाले. वातानुकूलित बसचे १२. स्टेशनपर्यंतच्या दोन किलोमीटरसाठी घरातल्या तिघांनी रोज जा-ये केली तर महिन्याला किती होतात, हा हिशोब भांडुप-मुलुंडच्या चाळीत प्रत्येक गृहिणीने केला असेल.

आता महापालिकेच्या तिजोरीकडे पाहा. २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटी रुपयांचा होता. त्यात बेस्टला १,००० कोटी. शंभर रुपयांतले सुमारे एक रुपया चौतीस पैसे. त्याच महापालिकेने किनारी रस्ता बांधला, ती गोरेगाव-मुलुंड जोडरस्ता आणि राष्ट्रीय उद्यानाखालचा बोगदा बांधते आहे, वर्सोव्याहून दहिसरकडे किनारी रस्ता पुढे नेते आहे. गोरेगाव-मुलुंड रस्त्याची गरज मला मान्य आहे. बोरिवली आणि मुलुंड यांच्यामध्ये जंगल आणि डोंगर आहेत, आणि लोकलने जायचे तर दादरपर्यंत खाली उतरून पुन्हा वर यावे लागते. पण त्या रस्त्यावर बस किती मिनिटांनी धावणार, याचे उत्तर बोगदा खणून होण्याआधी ठरायला हवे. नाहीतर तो फक्त मोटारवाल्यांचा रस्ता होईल. रस्ता मोकळा दिसला की नव्या गाड्या येतात आणि काही वर्षांत तो पुन्हा भरतो, हा जगभरचा अनुभव आहे.

बसच्या खर्चाला आपण ‘तोटा’ म्हणतो आणि उड्डाणपुलाच्या खर्चाला ‘गुंतवणूक’. उड्डाणपूल तरी कुठे तिकिटातून पैसे परत देतो? दोन्ही नागरी सेवा आहेत. रस्त्यावरचे दिवे, नळाचे पाणी, कचरा उचलणे यांना आपण तोटा म्हणत नाही. बसलाही म्हणू नये.

शेवटची पाचशे पावले

शहरातले जवळपास निम्मे प्रवास पायी होतात. लोकल, मेट्रो किंवा बसने जाणाराही आधी आणि शेवटी पादचारीच असतो. राज्यघटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने शहरांकडे सोपवण्यासाठी १८ विषयांची यादी दिली. तिच्यात रस्ते, पूल, वाहनतळ आणि बसथांबे आहेत. सार्वजनिक वाहतूक नाही. म्हणजे घटनेच्या यादीनेही महापालिकेकडे थांबा दिला, बस दिली नाही. मुंबईकडे बस आहे ती जुन्या कायद्यामुळे. थांबा आणि फुटपाथ मात्र निर्विवाद तिचेच.

मुंबईत सध्या सुमारे ७०० किलोमीटर रस्त्यांचे काँक्रीटीकरण हाती घेतलेले आहे. रस्ता उकरला की फुटपाथही नव्याने होतो. तो किती रुंद, उतार चाकाच्या खुर्चीला चालेल का, थांब्यापाशी पावसात पाणी साचेल का, झाकणे समतल असतील का, हे सगळे त्याच वेळी ठरते. एकदा काँक्रीट पडले की पुढची कित्येक वर्षे तसेच. पूर्व आणि पश्चिम द्रुतगती महामार्गही २०२२ मध्ये एमएमआरडीएकडून महापालिकेकडे आले. त्यामुळे त्यांवरचे खड्डे, सेवारस्ते आणि बसथांबे यांबद्दल आता दुसरीकडे बोट दाखवता येत नाही.

स्टेशनबाहेरचे फेरीवाले हा नाजूक विषय. मुंबई उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्टेशनपासून १५० मीटरपर्यंत फेरीवाल्यांना मनाई केली. २०१४ चा फेरीवाला कायदा त्यांना पर्यायी जागा देण्याचे बंधन घालतो. नुसती गाडी आणून सामान उचलणे हे उत्तर नाही. ज्या फेरीवाल्याला दुसरी जागा मिळाली नाही, तो संध्याकाळी परत येतो. तोही याच शहराचा कष्टकरी आहे. जागा शोधून देणे आणि मग नियम पाळायला लावणे, या क्रमानेच फुटपाथ मोकळे होतात.

चौकट: कोणत्या दारावर ठोठावावे?

लोकलची गर्दी, फेऱ्या, फलाट: रेल्वे. खासदारामार्फत पाठपुरावा.
मेट्रोचे काम, मेट्रोखालचे रस्ते काम चालू असताना: एमएमआरडीए किंवा संबंधित मेट्रो कंपनी. आमदारामार्फत.
रिक्षाचे भाडे आणि नकार: आरटीओ आणि वाहतूक पोलीस.
सिग्नल, बेकायदा पार्किंग: वाहतूक पोलीस.
बसच्या फेऱ्या, मार्ग, थांबे: बेस्ट. नगरसेवक, बेस्ट समिती, महापौर.
फुटपाथ, खड्डे, झाकणे, पुलांचे चढ-उतार: महापालिकेचे विभाग कार्यालय. अंधेरीसाठी के, बोरिवलीसाठी आर मध्य, घाटकोपरसाठी एन, मुलुंडसाठी टी.

नव्या महापौरांकडून काय मागावे

मुंबईला लंडनसारखा अधिकारसंपन्न महापौर मिळावा, असे मला वाटते. त्यासाठी विधिमंडळाला कायदा बदलावा लागेल आणि आपले अधिकार कमी करणारा कायदा कोणतेही राज्य सरकार आपणहून आणत नाही. ती लढाई लांबची आहे. आजच्या कायद्यात राहून होण्यासारख्या गोष्टी मात्र बऱ्याच आहेत.

पहिली, बेस्टच्या प्रत्येक मार्गाची माहिती उघड करणे. त्या मार्गावर किती बस, दोन बसमध्ये प्रत्यक्ष किती मिनिटे, किती फेऱ्या रद्द झाल्या, हे दर महिन्याला प्रभागनिहाय जाहीर व्हावे. बसमध्ये ठावठिकाणा दाखवणारी यंत्रे आहेत, ॲपवर बस दिसते, म्हणजे माहिती गोळा होतेच. सभागृहाने ठराव केला तर ती लोकांपुढे येईल.

दुसरी, बेस्टची आगारे. मरोळ, ओशिवरा, पोयसर, मागाठाणे, विक्रोळी, मुलुंड, घाटकोपर अशा आगारांच्या जमिनी आज सोन्याच्या मोलाच्या आहेत आणि त्यांच्या व्यापारी विकासाचे प्रस्ताव वारंवार येतात. वरती इमारत बांधून उत्पन्न मिळत असेल तर जरूर मिळवावे, पण खालची बस उभी राहण्याची जागा एक चौरस मीटरनेही कमी होऊ नये. आगार लांब गेले की बस रिकामी धावत मार्गावर येते आणि पहाटेच्या पहिल्या फेऱ्या बंद पडतात. पहाटे पाचला कामावर जाणारी सफाई कामगार, परिचारिका, घरकाम करणारी बाई यांची बस तीच असते.

तिसरी, निदान अंधेरी आणि घाटकोपर या दोन स्टेशनांबाहेर रेल्वे, मेट्रो, बेस्ट, वाहतूक पोलीस आणि विभाग कार्यालय यांची एक कायमची संयुक्त समिती. महापौरांनी बोलावले आणि अधिकारी आला नाही, असे सहसा होत नाही. गोखले पुलासारखे सांधे अशाच टेबलावर वेळीच जुळवता येतात.

महापौरांची मुदत अडीच वर्षांची, आणि दरवर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये महापालिकेच्या अर्थसंकल्पावर चर्चा होते. तुमच्या प्रभागाच्या नगरसेवकाला गाठा आणि घराजवळच्या थांब्यावरच्या बसचा क्रमांक सांगून विचारा: या मार्गावर बस किती, दर किती मिनिटांनी येते, आणि पुढच्या अर्थसंकल्पात ती मिनिटे कमी व्हावीत म्हणून तुम्ही सभागृहात काय मांडणार आहात? उत्तर लेखी मागा, आणि अर्थसंकल्प मंजूर झाला की ते पुन्हा त्यांच्यासमोर ठेवा.